खाकणाला मीठ आवडतं का?

खाकणाचं पान चावलं की आधी मोहरीचा झणका नाकात जातो आणि मग जिभेवर मीठ उतरतं. झणक्याचं कारण कुळात आहे. मोहरी, मुळा, कोबी ज्या गणात येतात त्याच गणात वनस्पतिशास्त्राने या झुडपाला बसवलंय, आणि मोहरीला तिखट करणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांची भावंडं याच्याही मुळांत, सालीत, पानांत असतात. मिठाचं कारण मात्र जागेत आहे. उधाणाची भरती जिथवर येऊन परत फिरते, तिथे हे झुडूप उभं असतं. तिवरांसारखं चिखलात नाही आणि करंजासारखं कोरड्या काठावरही नाही. मधल्या पट्टीत. बांधाच्या अंगाला.

शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका. संस्कृतात पीलू, बाजारात मिस्वाक. आफ्रिकेपासून अरबस्तान, सिंध, गुजरात असा त्याचा पसारा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात वाहीकांच्या मुलखाचं वर्णन येतं, तिथे शमी आणि करीर यांच्या जोडीने पीलूची रानं आहेत. पाणिनीने तर पीलू आणि तशाच काही झाडांची फळं पिकण्यासाठी व्याकरणात एक प्रत्यय राखून ठेवलाय. म्हणजे त्या मुलखात पीलू पिकणं ही लोकांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट असणार. आपल्या कोकणात ही परिस्थिती नाही. इथे तो विरळा, तुकड्यातुकड्यांनी आढळणारा. पुरुष-दीड पुरुष उंचीचा, फांद्या जमिनीला टेकेपर्यंत लोंबलेल्या, लांबून पाहिलं तर कुणीतरी छाटून टाकलेल्या काट्यांचा ढीग वाटावा असा. समोरासमोर येणारी जाडसर पानं, हिरवट पिवळी बारीक फुलं, आणि वाटाण्याहून लहान, लालसर जांभळी, उजेडात धरली तर आरपार दिसणारी फळं. ती खायला बुलबुल येतात, हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात आणि बिया इकडच्या तिकडे होतात. सालमन अरब नावाच्या केशरी फुलपाखरांच्या अळ्या या झुडपाच्या आणि त्याच्या दोन-चार नातलगांच्या पानांवरच वाढतात, दुसरं काही खात नाहीत. झुडूप गेलं तर तिथलं फुलपाखरूही गेलं.

मी पाहिलेले खाकण रेवदंड्याच्या आसपासच्या खाडीपट्टीतले आहेत. याहून नेमकं सांगणार नाही. दातणासाठी मुख्यतः मुळं खणतात, काडीला भाव आहे, आणि मुळं गेली की झुडूप राहत नाही.

मुळशीत राहणाऱ्या, पौडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईचं त्या खाडीत काय काम, असा प्रश्न आमच्या घरातही विचारला जातो. माझं उत्तर सरळ आहे: आमचं पाणी तिथे जातं. मुळा आणि निळा या आमच्या नद्या मूळच्या पूर्वेला जाणाऱ्या. पुण्याला मुठेला भेटायचं, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर, असा त्यांचा धोपट मार्ग. 1927 साली मुळशीचं धरण पुरं झालं आणि पाण्याचं तोंड फिरलं. सह्याद्रीच्या कड्यावरून ते पश्चिमेला उतरवलं, भिऱ्याला त्याच्यावर वीज काढली आणि कुंडलिकेत सोडून दिलं. कोलाडला पुण्या-मुंबईची मंडळी सकाळी रबरी होडीतून जे उसळतं पाणी अंगावर घेतात, ते वीजघरातून सुटलेलं, म्हणजे आमच्याकडून आलेलं असतं. पुढे रोहा, मग रेवदंडा, मग अरबी समुद्र. आंबेमोहराच्या खाचरांवर पडणारा पाऊस शेवटी कुठे पोचतो ते बघायला म्हणून मी गेले, आणि त्या टोकाला हे झुडूप भेटलं.

भेटलं त्याचं मी गावात सांगितलं. तिथून हा लेख सुरू होतो.

आमच्या गावी दर वर्षी सप्ताह असतो. सकाळी काकडा, दुपारी पारायण, रात्री कीर्तन. त्या वर्षी पारायणाला एकनाथांचं भागवत होतं. एकादश स्कंधात अवधूताची कथा आहे. यदुराजाने त्याला विचारलं, तुला हे समाधान कुठून मिळालं, आणि त्याने चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी पहिला गुरू, तिच्याकडून तो सोसणं शिकला. पृथ्वीच्याच अंगाने पर्वत आणि वृक्ष येतात, ते दुसऱ्यासाठी जगतात. पुढे समुद्रही आहे, पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून तो फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. कीर्तनकार महाराज तरुण, आळंदीत शिकलेले, आवाज गोड आणि वाचन चांगलं. दुपारच्या चहाला मी त्यांना खाकणाबद्दल सांगितलं होतं. रात्री त्यांनी ते झाड कीर्तनात आणलं. मीठ पिऊन हिरवं राहणारं झाड. जगाने खारट दिलं तरी त्याची फळं गोड. असा जो सोसतो, तो संत. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी गजर उचलला. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई, वय नव्वदीकडे झुकलेलं, त्या गजरातच माझ्या कानाशी म्हणाल्या, “सोसतंय म्हनून आनखी घालायचं व्हय गं त्याला?”

महाराजांचा उद्देश वाईट नव्हता, हे आधी सांगते. पण सासूबाईंच्या प्रश्नाला त्या कीर्तनात उत्तर नव्हतं. मला वाटतं, आपल्या बहुतेक धार्मिक बोलण्यात ते नसतं. जो सोसतो त्याची आपण थोरवी गातो. तो सोसतो म्हणजे त्याला ते चालतं, असं हळूच धरून चालतो. आणि मग त्याच्या वाट्याला आणखी थोडं टाकतो.

आधी झाडाकडे पाहू, कारण झाडाबद्दल मला थोडं कळतं. खाकणाला मीठ आवडतं का?

झाडाला आवडनिवड नसते, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. पण एखादी गोष्ट झाडाला मानवते का, हे मोजता येतं. मीठ आत आलं तर ते पेशीच्या चालत्या कारभारात मिसळू देऊन भागत नाही, विकरं बिघडतात. म्हणून खारट जागेत राहणारी झाडं नाना युक्त्या करतात. तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं, पानाच्या पाठीवर कण दिसतात. कांदळ मुळाशीच बरंचसं मीठ गाळून अडवतं. खाकण ते आत घेतो आणि पानांच्या पेशींत मधोमध जी पोकळी असते तिथे नेऊन ठेवतो, घरातली अडगळ माळ्यावर टाकावी तसं. पानं जाड होतात ती त्यामुळे. जुनी पानं भरली की गळतात आणि मीठ घेऊन जातात. हे सगळं फुकट होत नाही. मीठ पोकळीत ढकलायला ऊर्जा लागते. पोकळीत मीठ साठलं की बाहेरच्या पेशीरसाचा तोल राखायला वेगळी द्रव्यं तयार करावी लागतात, त्यांना पुन्हा नत्र आणि कर्ब लागतो. तेवढी वाढ कमी होते. म्हणजे सोसण्याला खर्च येतो, आणि तो झुडपाच्या उंचीत, पानांच्या संख्येत, फळांच्या भारात दिसतो. भरूचला खाऱ्या काळ्या जमिनीवर संशोधन केंद्राने खाकणाची लागवड करून दाखवली, बियांचं तेल साबणाला चालतं म्हणून. इतर काहीही जिथे उगवत नाही तिथे तो उगवला, आणि हे मोठंच काम झालं. पण त्यावरून त्याला खारट जमीन हवी असते असं कुणी म्हणू नये. बऱ्याचशा खारफुटीसुद्धा भर समुद्राच्या पाण्यापेक्षा त्याच्या निम्म्या किंवा पाव खारटपणात जास्त जोमाने वाढतात. आणि खाकण तर बिनखाऱ्या जमिनीतही व्यवस्थित येतो.

मग तो तिथे का जातो? कारण गोड्या जमिनीत त्याला कुणी राहू देत नाही. मी रोपवाटिकेतून दोन रोपं आणली. एक परसात उघड्यावर लावलं आणि हात लावला नाही. दुसरं वळचणीला कुंडीत ठेवलं आणि आजूबाजूचं गवत उपटत राहिले. मुळशीचा पाऊस सुरू झाला तसा परसातल्या रोपावर आधी तेरडा चढला, मग कुर्डू, मग रानमोडी. भाद्रपदापर्यंत रोप कुठे होतं ते शोधावं लागलं, आणि सापडलं ते काळं पडलेलं. कुंडीतलं रोप अजून आहे, त्याला मी मिठाचा कणही घातलेला नाही आणि ते माझ्या खांद्याला लागलंय. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे; परसातल्या रोपाला पावसाच्या दलदलीनेही मारलं असेल. पण शास्त्रज्ञ जे सांगतात त्याच्याशी ते जुळतं. खाऱ्या जमिनीत राहणाऱ्या झाडांना मीठ हा आधार नसतो, मीठ त्यांच्या शेजाऱ्यांना दूर ठेवतं इतकंच. भरभर वाढणाऱ्या दांडग्या झाडांशी सावलीची मारामारी करण्यापेक्षा मीठ सोसणं त्यांना परवडलं. लाखो वर्षांच्या पिढ्यांत ज्यांना परवडलं ती उरली.

म्हणजे महाराजांच्या दृष्टांतातलं झाड हसतमुखाने मीठ पीत नव्हतं. ते हुसकावून लावलेलं झाड होतं, ज्याने मिळाली ती जागा निभावली.

आता शास्त्रांकडे. वेदान्तात साधकाला जी सहा प्रकारची संपत्ती हवी म्हणतात, शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान, त्यांतली चौथी ही सोसण्याची. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तिची व्याख्या फार कडक आहे. सगळी दुःखं सोसायची, त्यांवर उपाय शोधायचा नाही, चिंता नाही, विलाप नाही. ही व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती धरणाखाली गेलेल्या गावात बसून कुणी वाचून दाखवली असती तर काय झालं असतं, असंच मनात आलं. पण ही व्याख्या कुणासाठी आहे ते त्याच ग्रंथात आहे. ज्याने नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक केला, ज्याला इथल्या आणि परलोकातल्या भोगांचा वीट आला, आणि जो सुटायला निघाला, त्याने स्वतःसाठी गोळा करायची ही सामग्री. गुरू शिष्याला ती सांगतो, तेही शिष्य आपल्या पायाने आल्यावर. सावकाराने कुळाला, सासूने सुनेला किंवा सरकारने गावाला ती सांगावी असं कुठेही नाही.

गीतेतलं ठिकाण तर मला आणखी बोलकं वाटतं. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला सांगतो की थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, ते सोस. हा श्लोक तेवढाच काढून आपण किती जणांना ऐकवतो! दवाखान्यात, सुतकात, सुनेच्या माहेरच्यांना. पण तिथून फक्त चार श्लोक पुढे या. अठराव्यात तोच कृष्ण त्याच अर्जुनाला म्हणतो, म्हणून लढ. सोसण्याचा उपदेश हातात धनुष्य असलेल्या माणसाला केलाय आणि त्याचा शेवट धनुष्य खाली ठेवण्यात होत नाही. युद्ध करावं की नाही, हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की तिथे सोसणं हे काही करण्यासाठीचं बळ म्हणून सांगितलंय.

नाथांचीच गोष्ट घ्या. गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर थुंकतो. ते पुन्हा स्नानाला जातात. तो पुन्हा थुंकतो. परंपरा आकडा एकशे आठ सांगते. शेवटी थुंकणारा शरण येतो. गोष्ट थोर आहे, मी ती शाळेत रंगवून सांगितलेली आहे. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, बाकीचे लोक काय करत होते?” पैठणसारख्या गावात, भर रस्त्यात. त्या लोकांबद्दल गोष्ट काहीच बोलत नाही. नाथांनी सोसलं हे नाथांचं मोठेपण. पण ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं त्यांना त्या मोठेपणातला एक कणही मिळत नाही, उलट त्यांचा हिशेब वेगळाच निघतो.

आणि याच झुडपाशी जोडलेली एक शिकवण मला मुसलमानांच्या परंपरेत सापडली. पुण्यात कॅम्पात मशिदीबाहेर काड्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका विक्रेत्याने मला ती सांगितली, नंतर मी वाचूनही पाहिली. हदीसच्या सर्वांत विश्वसनीय मानलेल्या संग्रहांत ती आहे. पैगंबरसाहेबांना मिस्वाक फार प्रिय होतं. ते म्हणाले, त्याचा मथितार्थ असा, की माझ्या लोकांना जड जाईल अशी भीती नसती तर प्रत्येक नमाजाच्या वेळी दातण करायचा हुकूमच मी दिला असता. मला हे वाचून बरं वाटलं. स्वतः ते करत होते, त्याचं महत्त्व त्यांना पटलेलं होतं, हुकूम दिला असता तर लोकांनी मानलाही असता. तरी दुसऱ्यावर ओझं पडेल म्हणून हात आखडता घेतला. एवढीशी काडी, तिच्याबद्दलसुद्धा. स्वतःचं व्रत आणि दुसऱ्यावरची सक्ती यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, हे याहून साध्या उदाहरणात मी पाहिलेलं नाही.

मुळशीबद्दल बोलताना व्यासपीठावरून हमखास एक वाक्य येतं, की मावळ्यांनी देशासाठी सोसलं. पन्नासाहून अधिक गावं उठली, मुंबईच्या गिरण्यांना आणि लोकलगाड्यांना वीज मिळाली, म्हणून हा त्याग. त्याग हा शब्द मला इथे खटकतो, कारण त्याग करणाऱ्याला आधी विचारलेलं असतं. मुळशी पेट्यातल्या माणसांना विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं. 16 एप्रिल 1921, रामनवमी. कामाच्या जागेवर शेकडो बायाबापड्या जाऊन बसल्या. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात होते, याच लढ्यात ते सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते. “जान किंवा जमीन” ही तिथली घोषणा. पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जमीनमालकांना मोबदला घेऊन मोकळं व्हायचं होतं, कसणाऱ्याला जमीन सोडायची नव्हती. राजेंद्र व्होरांनी आपल्या पुस्तकात हा पेच बारकाईने उलगडून दाखवलाय. तीन वर्षं मार, तुरुंग, फाटाफूट. 1924 मध्ये बापटांनी रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षं आत गेले. लढा संपला, पाणी चढलं.

सत्याग्रहीही सोसतो, कुणी म्हणेल. लाठी अंगावर घेतो, उलट मारत नाही. खरं आहे. पण तो “नाही” म्हणत म्हणत सोसतो. तोंडातला नकार काढून घेतला आणि अंगावरची लाठी तेवढी ठेवली, की उरतं ते व्यासपीठावरचं वाक्य. सासूबाईंच्या सासूबाई तेव्हा नवी नवरी होत्या. देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून त्या वरच्या अंगाला आल्या. पुढे पन्नास वर्षं त्यांनी धरणातलं पाणी प्यायला घेतलं नाही, विहिरीचंच प्यायल्या. घरात हे कुणी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, म्हातारीचा हेका म्हणून सांगतात. मला ती तितिक्षा वाटते, विवेकचूडामणीला मान्य होणार नाही अशी.

आता खाकणाची कागदोपत्री काय स्थिती आहे ते सांगते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची जी लाल यादी असते, तीत या प्रजातीबद्दल काळजी नाही. असायचं कारणही नाही. दोन खंडांत पसरलेली आहे, रेताड, खारट, कोरडं काहीही चालवून घेते. यादी प्रजातीची चौकशी करते. अमुक बांधावरच्या अमुक झुडपांची करत नाही, आणि ते तिचं कामही नव्हे. पण खाली येता येता त्या नोंदीचा अर्थ बदलतो. “जगात धोका नाही” याचं तालुक्याच्या ठिकाणी “इथे काढायला हरकत नाही” असं होतं. जे कुठेही तग धरतं त्याला कुठूनही काढता येतं, असा तो हिशेब आहे. नाजूक झाडांना निदान त्यांचा नाजूकपणा वाचवतो. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळमाकुडी दुर्मिळ आणि देखणी, तिच्यासाठी माणसं दोर लावून चढतात. खाकणासाठी कोण चढणार?

कायदा खारफुटीला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि 2018 च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काला बाधा आणणारा आहे असं म्हटलं. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतोय. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, असा मान देणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. 2021 च्या वनसर्वेक्षणात राज्यातलं कांदळवन 324 चौरस किलोमीटर भरलं. हे सगळं चांगलं आहे आणि ते घडवणाऱ्यांनी खस्ता खाल्ल्या आहेत. पण खाकण अस्सल कांदळवृक्षांत मोडत नाही. त्याची गणना सहचरांत, म्हणजे खाजणाच्या कडेने राहणाऱ्यांत होते. तिवरांचं रान जिथे संपतं तिथे तो सुरू होतो. बांधाचा रस्ता रुंद करायचा, भराव टाकायचा, विजेचा खांब रोवायचा, तर पहिली कुदळ त्या कडेलाच पडते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती आता खाडीकाठी नांदते, मला कळवलं की तिथल्या एका बांधावरून रस्ता व्हायचा आहे. मी हरकत घेतली आणि बैठकीला गेले. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने अभ्यास केला होता, हे मला कौतुकाने नोंदवायला हवं. त्याने विचारलं, “मॅडम, हे झाड बिनखाऱ्या जमिनीतही येतं ना? उलट जास्त चांगलं येतं?”

“येतं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कुंडीत माझ्या डोळ्यांसमोर आलंय.

“मग दुसरीकडे लावू की. त्याला बरंच होईल.”

इथे माझ्याच म्हणण्याने मला पेचात पकडलं. मी इतका वेळ सांगत आले की या झुडपाला मीठ आवडत नाही, ते नाइलाजाने सोसतं. मग त्याला मिठातून उचलून गोड्या जमिनीत नेणं ही दयाच नाही का? जी जागा आवडीची नाही, तिच्यावर हक्क कसला सांगायचा? हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. एक उत्तर व्यवहाराचं आहे: झुडूप नेलं तरी भोरड्या, फुलपाखरं, बांध धरून ठेवणारी मुळं हे सगळं नेता येत नाही. हे उत्तर खरं आहे पण अपुरं, कारण त्यात पुन्हा ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे म्हणूनच राहू द्या असं होतं. दुसरं उत्तर मला मुळशीतून सुचतं. आमच्या माणसांनाही सांगितलं होतं, डोंगरातली खाचरं ती काय, घाटावर सपाट जमीन मिळेल, पोरंबाळं शाळेत जातील. काहींची गेलीही. डोंगरातलं जगणं कुणी आवडीने निवडलेलं नव्हतं. त्यांचे पूर्वजही कुठून तरी रेटले जाऊनच त्या खोऱ्यात आले असतील. पण पिढ्यान्‌पिढ्या खर्च करून एखादी जागा निभावली की त्या निभावण्यातून काहीतरी नातं तयार होतं, ज्याला आवड म्हणता येत नाही आणि सक्तीही म्हणता येत नाही. देवळातल्या मूर्तींत चल आणि अचल असा भेद आपण मानतो. उत्सवमूर्ती पालखीत बसते; पण मूळ तांदळा हलवायचा तर केवढे विधी, केवढी क्षमायाचना, आणि तरी गावाला धास्ती वाटते. कुणीही तिथे असं म्हणत नाही की नवीन देऊळ जास्त हवेशीर आहे, देवाला बरंच होईल. झाडाबाबत हा संकोच आपल्याला फक्त देवराईत आठवतो. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावची जायफळीची दलदल आज टिकून आहे ती देवराई म्हणून. खाजणाच्या कडेला देव बसवलेला नाही, एवढाच खाकणाचा तोटा.

मी अधिकाऱ्याला यातलं सगळं सांगितलं नाही. सांगण्यासारखी ती जागा नव्हती, चहा आला होता आणि पुढचा विषय गटारांचा होता. मी एवढंच विचारलं की दुसरीकडे लावलंत तर त्याच्याभोवतीचं गवत कोण निंदणार, आणि किती वर्षं? कारण गोड्या जमिनीत ते एकटं टिकत नाही. मीठ काढून घेतलं तर मिठाचं काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. तो हसला, आणि वाईट हसला नाही. म्हणाला, त्याची तरतूद अंदाजपत्रकात नाही.

महाराजांना मी हे फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की यंदाच्या सप्ताहात गीतेचा दुसरा अध्याय आहे, चौदावा श्लोक घेईन तेव्हा अठराव्यापर्यंत जाईन. आणि झाडाचा दृष्टांत द्यायचा तर कसा द्यावा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासूबाईंना विचारा, त्या पुढच्याच रांगेत बसतात.

बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे “सूचना विचारात घेतली” असं लिहिलं आहे. पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे.